बाण हालला का?

"नवा माउस घ्यायला काय धाड भरली होती तुला?" असं लेकीने मला नंतर विचारलं. तिचं काही चुकलं नाही. पिंपरी कॅम्पातल्या दुकानांत माउस असे लटकवलेले असतात की येता-जाता डोक्याला लागतात. आमच्या चिखलीतही आता मोबाइलच्या टपरीवर मिळतात. पण मला तोच हवा होता. काळा, बिनवायरचा, पाठीवर माझ्याच तळहाताने गुळगुळीत झालेला. आणि त्या दिवशी तो चालला नसता तर मी इथलं सगळं आवरून हैदराबादला लेकीकडे जाणार होते. कायमची. हे मी तिला सांगितलं नव्हतं, कुणालाच सांगितलं नव्हतं. मनाशी मात्र पक्कं ठरवून टाकलं होतं.

लेक एकुलती एक, नोकरीला हैदराबादला. ह्यांच्यामागे मी एकटी पडले म्हणून ती सारखी बोलवायची. "आई, काय ठेवलंय आता तिकडे?" आमची चिखलीत पत्र्याची एक शेड होती, भाड्याची. त्यात एक लेथ, म्हणजे लोखंड गरागरा फिरवून कातायचं मशीन, एक ड्रिल, एक ग्राइंडर आणि कोपऱ्यात प्लायवूडची केबिन. लेथवर हे, केबिनमध्ये कॉम्प्युटरवर मी. चाकणच्या मोठ्या कंपन्यांना माल देणारे छोटे कारखानदार आमच्याकडे यायचे. त्यांना हवा असलेला भाग मी कॉम्प्युटरवर काढायचे, आणि ते ड्रॉइंग समोर चिकटवून हे तो भाग लेथवर बनवायचे. लग्नाआधी लातूरला आयटीआयमध्ये ड्राफ्ट्समनचा कोर्स केला होता, तो असा कामाला आला. लग्न झालं तेव्हा हे चाकणला कंपनीत होते, शिफ्टला जायचे. पुढे म्हणाले, दुसऱ्याच्या मशीनवर किती दिवस उभं राहायचं, आणि शेड घेतली.

नवरा-बायको दिवसभर एका छपराखाली, म्हणजे किती गप्पा होत असतील असं बायकांना वाटायचं. कसल्या गप्पा! लेथ चालू असलं की शेजारी उभ्या माणसाचं ऐकू येत नाही. आमचं सगळं बोलणं ओरडून. चहा झाला का, ओरडून. माप बरोबर आहे का, ओरडून. गुरुवारी एरियाची लाइट बंद, म्हणून गुरुवार हाच आमचा रविवार. त्या दिवशी घरातसुद्धा आम्ही एकमेकांशी ओरडूनच बोलायचो आणि खालच्या मजल्यावरच्यांना वाटायचं, आज ह्यांचं वाजलं.

मागच्या दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी शेड उघडायची, ती उघडलीच नाही. सकाळी ह्यांच्या छातीत दुखायला लागलं. पिंपरीला मोठ्या हॉस्पिटलात नेलं, डॉक्टरांनी करायचं ते सगळं केलं, तरी हे गेले. त्याबद्दल मला याहून जास्त लिहिता येत नाही.

मग शेड रिकामी करून द्यावी लागली. लेथ तळवड्याच्या एकाने नेलं, ड्रिल आणि ग्राइंडरही त्यानेच. जुना कॉम्प्युटरही मी त्यालाच देऊन टाकला, मला तो डोळ्यांसमोर नको होता. टेम्पो भरून झाला, टेम्पोवाला हॉर्न वाजवत होता, आणि मी एकदम धावत जाऊन त्या कॉम्प्युटरच्या पाठीमागे खोचलेला नखाएवढा तुकडा उपसून घेतला. माउसचा रिसीव्हर. तो कॉम्प्युटरमध्ये असला तरच बिनवायरचा माउस चालतो. माउस मी आधीच पिशवीत टाकला होता. दोन्ही वस्तू घरी आणून कपाटात ठेवल्या आणि पुन्हा बघितल्या नाहीत.

उन्हाळ्यात चाकणहून एक जुने गिऱ्हाईक आले. तिकडच्याच गावचे, घरची शेती, आता शेताच्या कडेला दोन मशीनं टाकून बसलेले. हे होते तेव्हा महिन्याला फेरी व्हायची. सोफ्यावर बसून बराच वेळ टोपी हातात फिरवत राहिले. मग म्हणाले, "वहिनी, एका बुशचं ड्रॉइंग पायजे. तेवढं तुमीच करून द्या."

बुश म्हणजे मधोमध भोक असलेला लोखंडाचा गोल तुकडा. जाडजूड लोखंडी बांगडीच म्हणा.

"मी आता करत नाही," मी म्हटलं.

"व्हय, ठाऊक हाय. पण बाहेरून करून आणलं तर आमच्या पोरांना कळत न्हाई. तुमच्या ड्रॉइंगची सवय लागलीया. मी संध्याकाळी येतो." आणि माझं उत्तर न ऐकताच चप्पल घालून जिना उतरले.

ते गेल्यावर मी मनाशी ठरवलं. हे ड्रॉइंग झालं तर इथेच राहायचं, घरूनच का होईना पण काम धरायचं. नाही झालं तर हात आता गेला असं समजायचं आणि हैदराबादला फोन करायचा, की ये मला न्यायला. असं काहीतरी ठरवल्याशिवाय माझ्याच्याने उठवत नव्हतं.

लॅपटॉप लेकीने दिवाळीत आणून ठेवला होता. "व्हिडिओ कॉल तरी कर," म्हणाली होती. ड्रॉइंगचा प्रोग्रॅमही तिनेच टाकून दिलेला. लॅपटॉपवर बोटाने पडद्यावरचा बाण हलवायची ती चौकोनी जागा असते, तिच्यावर मी आधी प्रयत्न केला. बांगडीचं वर्तुळ काढायला गेले आणि बटाटा झाला. ज्यांना जमतं त्यांना जमो. माझा हात माउसवर तयार झालेला.

कपाटातून पिशवी काढली. रिसीव्हर लॅपटॉपच्या कडेला खोचला, माउसला नवा सेल घातला, टेबलावर ठेवून फिरवला. बाण ढिम्म. लेकीची जेवणाची सुट्टी होती, तिला फोन लावला.

"आई, रिसीव्हर नीट आत गेलाय का?"

"गेलाय."

"काढून दुसऱ्या बाजूला लाव."

लावला. बाण जिथल्या तिथे.

"माउसच्या खाली बारीक बटण असतं बघ, चालू-बंदचं. चालूवर आहे ना?"

मी माउस उलटा केला. बटण चालू केलं. "आता आहे."

"खाली भोकात लाल लाइट दिसते का?"

चष्मा पलीकडे ओट्यावर राहिला होता. मी डोळे बारीक करून बघितलं. भोकात लाल दिसत होतं. "दिसते."

"मग कनेक्ट झालाय आई. आता हलेल."

हलला नाही. गंमत म्हणजे त्याचं बटण दाबलं की टक्क वाजून पडद्यावर यादी उघडत होती. मधलं चाक फिरवलं की पान खालीवर होत होतं. म्हणजे माउसचं बोलणं लॅपटॉपपर्यंत पोचत होतं. फक्त बाण जागचा हलत नव्हता. लेकीने लॅपटॉप बंद करून चालू करायला लावला, मग रिसीव्हर काढून पुन्हा लावायला लावला, माउसखाली कोरा कागद ठेवायला लावला. मी सगळं केलं. शेवटी म्हणाली, "जुना झाला गं तो. टाकून दे. मी इथून ऑर्डर करते, उद्या येईल. मला मीटिंग आहे, ठेवू?"

"ठेव," म्हटलं.

"टाकून दे" हे शब्द मला लागले. तिने वाईट अर्थाने म्हटलं नव्हतं, मला कळत होतं. पण घरातून बरंच काही टाकून देऊन झालं होतं. मी माउसवर हात ठेवून तशीच बसून राहिले.

तो माउस ह्यांनी आणला होता. त्याआधी माझा वायरचा होता, आणि त्या वायरीवरून आमची रोज कटकट. केबिनच्या ड्रॉवरमध्ये ती अडकायची, चहाच्या कपात बुडायची, आणि ऐन रेघ ओढताना झटका बसायचा. मी त्या वायरीला जे बोलायचे ते लेथ चालू असूनही ह्यांना ऐकू जायचं. एक दिवस हे पिंपरीहून ड्रिलचे बिट आणायला गेले आणि त्याच पिशवीतून हा घेऊन आले. स्वतःच आणला, आणि स्वतःचाच त्याच्यावर विश्वास नाही.

"ह्याला शेपूट नाही," माझ्यापुढे धरून म्हणाले. "मग हा सांगतो कसं कॉम्प्युटरला?"

"हवेतून."

"कामून चेष्टा करायलीस?"

मी रिसीव्हर लावला, माउस चालू केला, बाण हलवून दाखवला. तरी नाही. हे तो हातात घेऊन केबिनच्या बाहेर गेले. लेथच्या पाठीवर ठेवून फिरवला आणि तिथून ओरडले, "हालला का गं?"

"हालला!"

ड्रिलपाशी गेले. "हालला का?"

"हालला!"

ग्राइंडरच्या पलीकडे गेले, तिथे लोखंडाचा कीस पडलेला, त्यातच टेकवून फिरवला. "आता?"

"हालला!"

मग शटरपाशी जाऊन, जमिनीवर उकिडवे बसून, शटरच्या पट्टीवर तो घासत राहिले. मी पडद्याकडे बघत होते. बाण थांबला होता. "नाही हालला," मी ओरडले. तेव्हा कुठे ह्यांचं समाधान झालं. मशीनची हद्द कळली की माणसाचा विश्वास बसतो, असं ह्यांचं होतं. परत येऊन माझ्या हातात माउस दिला आणि म्हणाले, "शटरच्या अलीकडं चालतंय. आपल्याला बास झालं." त्या दिवसापासून मी कॉम्प्युटर चालू केला की हे लेथवरून रोज ओरडायचे, हालला का, आणि मी ओरडून उत्तर द्यायचे. काम सुरू व्हायची ती आमची घंटा होती. त्या वेळी मला त्याचं काही वाटायचं नाही. उलट कधी कधी कटकट वाटायची. आता तो आवाज एकदा ऐकायला मिळावा म्हणून मी काय वाटेल ते देईन.

हे सगळं आठवून मला रडू यायच्याऐवजी राग आला. माउसचाच राग. एवढी वर्षं चाललास आणि आज नेमका आडवा आलास! सेल काढून टाकावा म्हणून त्याला उलटा केला आणि त्या भोकात नख घातलं, उगीच, रागाने. नखात लाल लागलं.

लाइट नखाला लागत नाही. मी उठून ओट्यावरचा चष्मा आणला, खिडकीपाशी गेले, माउस उन्हात धरला. भोकात कुंकू भरलेलं होतं. वाळून, तेलकट होऊन, घट्ट बसलेलं. मला लाइट वाटली ती ही.

मी तिथेच खिडकीखाली फरशीवर बसले.

आमच्याकडे खंडेनवमीला, दसऱ्याच्या आदल्या दिवशी, शेडमधल्या मशीनांची पूजा. तशी चिखलीत सगळ्याच शेडमध्ये असते. झेंडूच्या माळा, नारळ, पेढे, आणि त्या दिवशी मशीन चालवायचं नाही, त्याला विश्रांती. पण ह्यांची पूजा जरा वेगळी असायची. कुंकू पाण्यात कालवायचे नाहीत. लोखंडाला पाणी लावलं की गंज धरतो, म्हणून वाटीत कुंकू घेऊन त्यात लेथचं तेल घालून कालवायचे. आणि लावायचे ते वर, दिसेल तिथे नाही. "जिथं काम होतं तिथं लावायचं," म्हणायचे. ड्रिलच्या टोकाला, लेथच्या टूलच्या धारेला. मापं घ्यायच्या व्हर्नियरच्या दातांनाही लावायला निघाले होते, मी हातातून ओढून घेतला म्हणून वाचला.

माउस आला त्या पहिल्या वर्षी ह्यांनी बोट लाल करून विचारलं, "ह्याचं काम कुठून होतं?"

मला काय माहीत पुढे काय होणार! मी तो उलटा करून ते भोक दाखवलं. "हा ह्याचा डोळा. हा खाली टेबल बघतो, म्हणून बाण हलतो."

ह्यांनी डोळ्यातच कुंकू भरलं.

दसऱ्यानंतर मी कामाला बसले तर बाण हलेना. मी एवढी भडकले की विचारू नका. हे लेथला टेकून हसत होते. "अगं, मुद्दाम लावलं. खंडेनवमीला सगळ्यांना सुट्टी. ह्यानं तरी कामून टेबल बघत बसायचं?" मग मी कापसाने पुसायचं, बडबडत, आणि ह्यांनी लेथवरून ओरडायचं, हालला का. पुढे दर वर्षी हेच. दर वर्षी मी म्हणायचे, परत लावलंत तर बघा, आणि दर वर्षी हे लावायचे. पूजा संपली की वाटीत उरलेलं कुंकू तेच बोट घालून माझ्या कपाळाला. "आणि ही आमची मेन मशीन." तेलकट कुंकू ते, नाकावर ओघळायचं. शेजारच्या शेडमधले सगळे बघत असायचे आणि मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

मागच्या वर्षीही लावलं होतं. मी रागावले होते, आणि हे म्हणाले होते, "बरं बाई, पुढच्या वर्षी नाही लावणार."

शब्दाचे पक्के निघाले.

आणि मी पुसलं नव्हतं. पुसायला बसायचं त्या दिवशी आम्ही हॉस्पिटलात होतो. नंतर ते माझ्या डोक्यातूनच गेलं. इतके महिने कपाटात, पिशवीत, ह्यांच्या बोटाने लावलेलं कुंकू तसंच होतं.

पुसलं की गेलं, हे मला कळत होतं. पुसलं नाही तर माउस चालणार नाही, हेही कळत होतं. एकदा वाटलं, राहू दे, लेक पाठवतेय तो नवा वापरू, हा असाच देवाजवळ ठेवू. ह्यांच्या बाकी वस्तू होत्याच की घरात. चष्मा होता, बूट होते, कंपनीतलं जुनं ओळखपत्र होतं. पण ते सगळं वापरून संपलेलं. हे तसं नव्हतं. ही ह्यांनी माझी केलेली चेष्टा होती आणि ती अर्धी राहिली होती. तिचा उरलेला अर्धा भाग मी करायचा होता. मी चिडायचं, बडबडायचं, पुसायचं. ते देवाजवळ ठेवून हे खूश झाले नसते. म्हणाले असते, कामाची वस्तू आहे, तिथं काय पूजेला बसवलीस?

तेलातलं कुंकू तेलानेच निघतं. मी खोबरेल आणलं, कान साफ करायची कापसाची काडी आणली, आणि टेबलाशी बसून पुसायला लागले. तोंडाने बडबडही सुरू केली, दर वर्षीची. किती वेळा सांगायचं तुम्हाला. डोळा आहे तो. डोळ्यात कुणी कुंकू घालतं का. लहान का आहात आता. बोलता बोलता डोळ्यांतलं पाणी चष्म्यात साचलं, तो काढून ठेवला, आणि मग दिसत नव्हतं म्हणून बोटानेच पुसलं. भोक साफ झालं. आत आता खरी लाइट दिसली, बारीक, लाल.

माझ्या बोटाला कुंकू लागलं होतं. दसऱ्यापासून माझं बोट कुंकवाला लागलं नव्हतं. हळदीकुंकवाला बिल्डिंगमधल्या बायकांनी बोलावलं होतं, चांगल्या मनाने बोलावलं होतं, मीच गेले नव्हते. आता ते बोट घेऊन मी एकटीच बसले होते. धुऊन टाकवेना. उरलेलं कुंकू कुठे लावायचं हे मला ठाऊक होतं, दर वर्षी मीच तर कपाळ पुढे करायचे, कितीही लाजले तरी. मी ते कपाळाला लावलं. तेलकट होतं, लगेच ओघळलं.

मग माउस सरळ केला, टेबलावर ठेवला, हात ठेवला आणि ढकलला. पडद्यावर बाण कोऱ्या पानावरून या टोकापासून त्या टोकाला गेला.

मी थांबले. घरात पंख्याचा आवाज होता, खाली रस्त्यावर कुणीतरी रिक्षा मागे घेत होतं. कुणी काही विचारलं नाही. विचारणार कोण होतं?

तरी मी खुर्चीत नीट बसले, आणि लेथ चालू असताना ओरडायचे तशी, शटरच्या पलीकडे ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने ओरडले, "हालला!"

समोरच्या गॅलरीत कपडे वाळत घालणाऱ्या बाईने दचकून माझ्याकडे बघितलं. मी नाकावरचं कुंकू पदराला पुसलं आणि बुशचं पहिलं वर्तुळ काढायला घेतलं.